संघटनेचे पान आणि संघटनेची वही



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीतली तरुण मंडळी मला म्हणाली, "काका, विहाराचा इतिहास तुम्ही लिहा. तुम्हाला सगळं ठाऊक आहे." मी हो म्हणून बसलो. म्हणायला काय जातं? घरी येऊन कागद पुढे ओढला आणि लक्षात आले की मला आठवते पुष्कळ, पण दाखवायला काहीच नाही. पहिली बैठक कुणाच्या पडवीत झाली ते आठवते. त्या दिवशी चहाला साखर कमी पडली तेही आठवते. पण तारीख कोणती, हजर कोण, वर्गणी किती जमली, सेक्रेटरी म्हणून कुणाला नेमले, यातले एक अक्षर सापडत नाही. एक वही होती. ती ज्यांच्याकडे होती ते वारले. पुढे त्यांच्या मुलाने घराची डागडुजी करताना माळ्यावरचे कागद रद्दीत दिले. त्या पोराला मी दोष देत नाही. ती वही त्याच्या बापाची नसून आपल्या सगळ्यांची आहे, हे त्याला कुणी कधी सांगितले होते?

आणि वहीचे जाऊ द्या, फळ्याचे काय? विहाराच्या दाराशी आपला काळा फळा आहे. महिला मंडळ, तरुण मंडळ, समता सैनिक दलाची शाखा आणि अभ्यासिकेची मुले, चौघांची सूचना लिहायची जागा ती एकच. तीनेक वर्षांपूर्वी तरुण मंडळाला क्रिकेटच्या सामन्यांची मोठी जाहिरात रंगीत खडूने काढायची होती. त्यांनी फळा पुसला. त्यावर महिला मंडळाची बैठक पुढे ढकलल्याची सूचना होती. एक म्हातारी आत्या भर पावसात पाड्यावरून चालत आली, विहाराला कुलूप बघून पायरीवर बसून राहिली आणि भिजत परत गेली. त्यानंतर दोन महिने महिला मंडळाने तरुणांशी बोलणे सोडले होते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आता फळ्याच्या जोडीला मोबाईलवरचा ग्रुप आला. तो ज्या मुलाने सुरू केला तो नोकरीला पुण्याला गेला, त्यामुळे नव्या माणसाला आत घ्यायचे तर त्याला फोन करावा लागतो. खडू जाऊन मोबाईल आला, भांडण मात्र तेच.

म्हणून मी ठरवले की विहाराचा इतिहास जेवढा आठवतो तेवढा दुसऱ्या लेखात देऊ. या लेखात निराळाच इतिहास सांगतो. कामगारांच्या आणि आपल्या चळवळीच्या संघटनांनी आपले पान कसे चालवले, ते कुणी सांभाळले, कुठे चुकले, कुठे साधले, त्याचा. पान म्हणजे संघटना जिथे आपल्या माणसांशी बोलते ती जागा, मग तो फळा असो की छापील वर्तमानपत्र. मी शिकलेला माणूस नाही. गिरणीत पाळी संपली की नाक्यावरच्या वाचनालयात बसून जे वाचले त्यावरच हे लिहितो आहे.

सुरुवात आपल्या ठाण्यापासूनच करतो. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. रेल्वेच्या टपाल खात्यात काम केल्यावर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. म्हणजे कामगाराचे हाल त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, रोज डोळ्यांसमोर पाहिले होते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही, पगार कधी होईल त्याचा नेम नाही. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. सत्यशोधकांचे वर्तमानपत्र म्हणजे 'दीनबंधु'. ते कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात काढले. भालेकरांनी ते पदरमोड करून चालवले, पण पैशाची ओढाताण झाली आणि १८८० साली ते मुंबईला लोखंड्यांच्या हाती आले. तिथून मरेपर्यंत लोखंड्यांनी ते सोडले नाही.

आता बघा, सत्यशोधक समाजाचे पान होते, त्याच पानावर गिरणी कामगार येऊन बसला. २३ सप्टेंबर १८८४ रोजी लोखंड्यांनी परळला कामगारांची सभा घेतली. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आदल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. याच सुमारास 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही गिरणी कामगारांची संघटना उभी राहिली. हिंदुस्थानातल्या कामगार संघटनेचा इतिहास इथून सांगतात. पुढे २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. १८९० साली! आपल्या महिला मंडळातल्या ज्या ताई अजून माईक हातात घ्यायला लाजतात त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण विहारात वंदनेला जमतो तेव्हा त्या सुट्टीत लोखंड्यांचा वाटा आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते? २००५ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले, तेव्हा नाव तरी ऐकू आले.

इथपर्यंत सगळे अभिमानाचे आहे. पण मला पुढची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आम्हा संघटनेत काम करणाऱ्यांना टोचणारी आहे. १८९२ च्या सुमाराला कारखान्यांच्या कायद्यासंबंधी जो सरकारी अहवाल झाला त्यात या असोसिएशनविषयी लिहिले आहे, की ही काही रीतसर संघटना नव्हे, हिला सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत, आणि लोखंडे हे जो येईल त्याला फुकट सल्ला देणारे गृहस्थ आहेत. साहेबाने हे कमी लेखण्यासाठी लिहिले हे उघड आहे. ते वाचून मला प्रथम रागच आला. ज्या माणसाने रविवार मिळवून दिला त्याच्याविषयी असे लिहावे? पण राग ओसरल्यावर विचार केला. यादी नव्हती, हे तर खोटे नव्हते. लोखंड्यांच्या हाती पान होते, माणसे होती, सभा भरत होत्या. सभासद कोण याची वही नव्हती. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता लोखंडे गेले. त्याच साथीत पुढच्या महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई गेल्या. लोखंडे गेल्यावर असोसिएशन कुणाकडे होती ते सांगायला कुणी उरले नाही. साडेपाच हजार सह्या करणारी माणसे होती तिथेच होती, पण त्यांना परत बोलवायचे कसे? नावेच कुठे टिपलेली नव्हती.

'दीनबंधु' मात्र तगला, हेही सांगितले पाहिजे. वासुदेवराव बिर्जे यांनी तो पुढे चालवला. १९०६ साली तेही प्लेगनेच गेले. त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची घेतली आणि काही वर्षे पत्र काढले. स्त्री संपादक ही गोष्ट त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे १९०९ साली सीताराम केशव बोले वगैरे मंडळींनी कामगार हितवर्धक सभा काढली, तिचेही 'कामगार समाचार' नावाचे पत्र होते. हेच ते बोले, ज्यांच्या ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, निदान कागदावर. असो.

आता परमपूज्य बाबासाहेबांकडे येतो. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला, ही गोष्ट आपण प्रत्येक जयंतीच्या भाषणात ऐकतो. पण त्या भाषणात एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्रोफेसर होते. त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते आणि सुरुवातीचे अग्रलेख बाबासाहेबांचे. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. पत्र पुढे ज्ञानदेव घोलप यांच्याकडे आले. सांभाळणारा सात समुद्रापार, पैशाची टंचाई, हिशेबाची कटकट. १९२३ साली 'मूकनायक' बंद पडला. त्याच वर्षी बाबासाहेब परत आले.

आल्यावर त्यांनी काय केले? लगेच दुसरे पत्र काढले नाही. आधी संस्था बांधली. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय काढले, तरुणांनी वाईट नाद सोडावेत म्हणून हॉकीचा क्लबसुद्धा काढला. म्हणजे एका सभेच्या पोटात विद्यार्थी, वाचक आणि खेळाडू असे निरनिराळे गट. आणि विद्यार्थ्यांचे स्वतःचे 'सरस्वती विलास' नावाचे मासिक निघत होते. मला ही गोष्ट फार आवडते. मोठ्या सभेने पोरांना असे म्हटले नाही की तुमचे काय असेल ते आमच्याकडे द्या, जागा उरली तर बघू. पोरांचे पान पोरांच्या हाती राहिले. आपल्या अभ्यासिकेच्या मुलांनी फळ्याचा एक कोपरा मागितला होता, तेव्हा समितीत आपण काय उत्तर दिले ते आठवून बघा.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाड झाले. चवदार तळ्याचे पाणी आणि त्यानंतरची मारहाण सर्वांना माहीत आहे. पंधरा दिवसांत, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघाला. आणि जून महिन्यात त्याच पत्रातून आवाहन झाले, की महाडला समाजावर लागलेला विटाळाचा डाग धुवून काढण्यासाठी जे सत्याग्रहात उतरायला तयार असतील त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या मुंबईच्या कचेरीत आपली नावे नोंदवावीत. हे वाक्य मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. लोखंड्यांच्या असोसिएशनला साहेबाने जे नाही म्हटले होते ते इथे आहे! पानावर हाक, आणि कचेरीत नावे लिहायला वही उघडलेली. डिसेंबरात महाडला हजारो माणसे जमली आणि मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच्यामागे हे नोंदणीचे साधे कारकुनी कामही होते. ज्याने नावे लिहिली त्याचे नाव आज कुणाला ठाऊक नाही. अशा कामाला हार पडत नाहीत.

पण 'बहिष्कृत भारत'चीही एक दुखरी बाजू आहे. लिहिणारा एकच माणूस. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की पत्राचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरावे लागले, आणि तेही मोबदल्याशिवाय. दिवसा कोर्टाचे आणि कौन्सिलचे काम, संध्याकाळी सभा, रात्री रकाने. वर्गणीदारांची थकबाकी वेगळीच. आपण लोक वाचायला तयार, वर्गणी भरायला मात्र उद्या ये म्हणायचे, ही सवय जुनीच दिसते. अखेर नोव्हेंबर १९२९ ला तेही पत्र थांबले. महाविद्वान माणसालाही एकट्याने पान चालवणे जमले नाही, तिथे आपल्या सेक्रेटरीने फळा, ग्रुप, पावतीपुस्तक आणि लाऊडस्पीकर एकट्याने सांभाळावा असे आपण धरून चालतो!

या दरम्यान एक निराळा प्रयोग झाला होता. सप्टेंबर १९२७ मध्ये समाज समता संघ स्थापन झाला होता. त्यात स्पृश्य समाजातली मंडळीही होती. या संघाचे पत्र म्हणून २९ जून १९२८ ला 'समता' निघाले. संपादक देवराव विष्णु नाईक, जातीने ब्राह्मण. म्हणजे 'बहिष्कृत भारत' चालू असतानाच चळवळीतल्या एका संघाला वेगळे पान आणि वेगळा संपादक मिळाला. एकाच पत्रात सगळे कोंबले नाही. 'समता' फार काळ चालले नाही, पण एक फायदा झाला. बाबासाहेबांशिवाय दुसरा माणूस पत्र काढू शकतो हे कळले, आणि तो माणूस तयारही झाला.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. ऑक्टोबर १९३० मध्ये बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. परत आले फेब्रुवारी १९३१ मध्ये. आणि 'जनता'चा पहिला अंक कधी निघाला? २४ नोव्हेंबर १९३० ला! म्हणजे बाबासाहेब मुंबईत नसताना. दहा वर्षांपूर्वी ते लंडनला गेले तर पत्र कोसळले होते, आणि या खेपेला ते लंडनला असताना पत्र जन्माला आले. संपादक होते देवराव नाईकच. बाबासाहेब तिकडून पत्रे पाठवायचे आणि ती 'जनता'त छापली जायची. परळच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला गोलमेज परिषदेत आपल्या बाजूने काय चालले आहे ते आपल्याच पानावर वाचायला मिळत होते. पाक्षिकाचे ते पुढच्या वर्षी साप्ताहिक झाले. नाईकांनंतर भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, बापू चंद्रसेन कांबळे, भैय्यासाहेब म्हणजे यशवंतराव आंबेडकर, अशा अनेक हातांतून 'जनता' गेली. सहस्रबुद्धे म्हणजे महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे. ४ फेब्रुवारी १९५६ ला तिचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. पंचवीस वर्षांहून जास्त! 'मूकनायक' तीन वर्षे, 'बहिष्कृत भारत' अडीच वर्षे, आणि 'जनता' पंचवीस. लेखणीची ताकद तर पहिल्या दोघांत जास्तच होती. फरक हातांचा होता. एकाने ठेवले की दुसऱ्याने उचलायचे.

असे पान चालवायचे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांना येणार नाही. तेव्हा शिशाचे खिळे एकेक करून हाताने जुळवायचे. जागा मोजून. गावोगावच्या शाखांकडून सभेची हकिकत यायची, आणि शाखेचा सेक्रेटरी काय लिहिणार? अध्यक्ष, सूचक, अनुमोदक, आभार मानणारे, हार घालणारे, सगळ्यांची नावे. ठराव एका ओळीत आणि नावे वीस ओळींत. ते कापायचे काम संपादकाचे. ज्याचे नाव कापले तो रुसणार. मी हे कल्पनेने सांगत नाही. आमच्या कामगार मंडळाचे चार पानी पत्रक मी १९९० च्या सुमारास दोन वर्षे काढायचो, तेव्हा तीन माणसे माझ्याशी बोलेनाशी झाली होती. त्यातले एक माझे सख्खे मेहुणे.

गिरणीचा विषय निघालाच आहे तर एक आठवण ठेवायला हवी. आपल्या माणसांना गिरणीत विणाईच्या कामाला, म्हणजे साळखात्याला, घेत नसत. धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होईल म्हणून. पगार जास्त तिथे आपण नाही. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते, आणि बंदोबस्ताला स्वयंसेवक उभे होते. स्वयंसेवकाने कुठल्या नाक्यावर किती वाजता उभे राहायचे हे कुणीतरी ठरवावे लागते, लिहावे लागते, पोचवावे लागते. शिट्टी आणि टोपी दिली की दल तयार होत नाही.

आता माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखतची गोष्ट. मी १९८८ साली मुंबईतल्या एका गिरणीत बदली म्हणून लागलो. ८२ चा संप माझ्या आधीचा, पण त्या संपात गावी परतलेली माणसे आपल्या डोळखांब भागात, मुरबाडकडे, शहापुरात मी लहानपणापासून पाहिली. पुढे आमचीही गिरणी बंद झाली. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो पटावर होता त्याला, नाहीतर त्याच्या वारसाला अर्ज करता येणार होता. २०१२ साली म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली. अर्जाला पुरावा हवा. तिकीट नंबर, गिरणीचा पास, विम्याचे कार्ड, फंडाची पावती, काहीतरी. आमच्या एका कामगार मंडळाकडे सगळ्यांची नावे होती. निदान असायला हवी होती. मुदतीची सूचना मंडळाने लावली कुठे, तर मुंबईच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर. ज्या तालुक्याचे पाणी अख्खी मुंबई पिते त्या तालुक्यात ही सूचना पोचली नाही. आसनगावला गाडीतून उतरून डोळखांबची एस.टी. धरणारा एखादा सांगेल तेव्हा कळणार. मी तेव्हा दोन रविवार सायकलने पाड्यापाड्यावर फिरलो. काहींची कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत नीट होती. एका विधवा बाईने नवऱ्याचा पास फोटोच्या चौकटीत मागे जपून ठेवला होता, तिचा अर्ज गेला. आणि एकाच्या घरी मी पोचलो तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. तो म्हणाला, "दादा, मंडळाच्या वहीत माझं नाव होतं की. मग कळवलं का नाही?" मी काय उत्तर देणार? मी त्या मंडळाच्या कमिटीवर होतो. नावाची वही होती तिच्यात गावचा पत्ता लिहायचा रकानाच आम्ही ठेवला नव्हता. चाळीतल्या खोलीचा नंबर तेवढा होता, आणि ती खोली त्याने केव्हाच सोडली होती.

छापलेले पानसुद्धा आपोआप टिकत नाही. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' आज आपण वाचू शकतो ते वसंत मून यांच्यासारख्या माणसाने जुने अंक गोळा केले म्हणून. शासनाच्या समितीमार्फत १९९० साली ते एका ग्रंथात छापून आले. दादरची बुद्धभूषण प्रेसची वास्तू, जिथे चळवळीची पत्रे छापली गेली, ती २५ जून २०१६ च्या पहाटे पाडली गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मातीचा ढीग होता. त्यावरून मोर्चे निघाले, वाद झाले, ते वर्तमानपत्रात सर्वांनी वाचले आहेत, मी त्यात जात नाही. मला त्या ढिगाजवळ आमच्या माळ्यावरून रद्दीत गेलेल्या वहीची आठवण झाली एवढेच सांगतो.

तर गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत मी हे सगळे बोललो. बोलणे लांबले, दोघे-तिघे मध्येच उठून गेले, ते असो. बरीच वादावादी होऊन काही गोष्टी ठरल्या. फळ्याचे चार भाग तेलरंगाने आखले. प्रत्येक मंडळाने आपल्या भागात लिहायचे, दुसऱ्याचे पुसायचे नाही, आणि तारीख उलटलेली सूचना ज्याची त्याने त्याच दिवशी पुसायची. तरुण मंडळाने आधी कुरकुर केली, कारण त्यांच्या वाट्याला भिंतीकडचा भाग आला. मोबाईलचा ग्रुप एकाच्या हाती न ठेवता तिघांच्या हाती द्यायचा, त्यात एक महिला मंडळातली हवी. पुण्याच्या मुलाने फोनवर लगेच मान्य केले. तो बिचारा म्हणाला, "मी कधीचा वाट बघत होतो कुणीतरी मागेल म्हणून." ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांची घरे वाटून घेतली, पाड्यावरची चार घरे माझ्याकडे आहेत.

वही मात्र कुणाकडे ठेवायची यावर एकमत होईना. जुने म्हणाले अध्यक्षांकडे, तरुण म्हणाले विहाराच्या कपाटात. कपाटाची किल्ली कुणाकडे, हा पुन्हा प्रश्न. शेवटी असे ठरले की वही कपाटात राहील आणि दर सहा महिन्यांनी शहापूरला नेऊन तिची झेरॉक्स काढून ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची. दर वर्षी दुसरा माणूस. सभासदाच्या नावापुढे गावचा पत्ता, पाड्याचे नाव आणि वारसाचे नाव असे रकाने मी स्वतः पट्टीने आखले. लिहायला अभ्यासिकेतली बारावीची मुलगी बसली, तिचे अक्षर आम्हा सगळ्यांत चांगले. पहिल्या पानावर तिने तारीख घातली, हजर सव्वीस असे लिहिले आणि वही सह्यांसाठी फिरवली. पावसात भिजून परत गेलेली आत्याही त्या दिवशी आली होती. तिने शाईच्या डबीत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि पोरीला विचारले, "माझ्या पाड्याचं नाव घातलंस का?" पोरीने वही वर धरून तिला वाचून दाखवले.